फेसाच्या मागावर

माझ्या कंट्रोलमधल्या पाणपिसवा मेल्या त्या रात्री मी प्रयोगशाळेत एकटी बसून रडले होते. एमएस्सीचं दुसरं वर्ष. चाचणी म्हणजे जलविषशास्त्राची धुळाक्षरंच: डॅफ्निया मॅग्नाची (हीच ती पाणपिसू) २४ तासांहून लहान पिल्लं घ्यायची, एका बीकरमध्ये पाच, एका तीव्रतेला असे चार बीकर. ४८ तासांनी बीकर हलकेच हलवायचा आणि पुढच्या १५ सेकंदांत जी पोहत नाहीत ती 'निश्चल' म्हणून मोजायची. शेजारी एक रांग नुसत्या पाण्याची, तोच कंट्रोल. तिथे १० टक्क्यांहून जास्त पिसवा निश्चल झाल्या तर अख्खी चाचणी बाद. म्हणजे वीसपैकी दोन चालतात, तिसरी चालत नाही. माझ्या सात गेल्या होत्या.

पाण्याची कठीणता मोजली, विरघळलेला ऑक्सिजन मोजला, तापमानाची वही उलटीपालटी केली. सगळं जागच्या जागी. तिसऱ्या दिवशी सहज एका धुतलेल्या बीकरमध्ये थोडं ऊर्ध्वपातित पाणी घालून तो जोरात हलवला, तर काचेच्या कडेला फेसाची बारीक रेघ उठली. धुण्याची पावडर नीट विसळली गेली नव्हती. एवढ्याशा फेसानं सात जीव घेतले होते. त्या दिवसापासून माझ्या हाताखालचा प्रत्येक बीकर मी स्वतः तीनदा विसळते, आणि फेस दिसला की अजूनही हात थबकतो.

त्यानंतरची वीसेक वर्षं मी पाण्यात काय मिसळलं की कोण मरतं, हेच मोजत आले. शेजारच्या दालनात वनस्पती रसायनशास्त्रावर काम करणारी माझी मैत्रीण एकदा तपकिरी भुकटीची छोटी बाटली घेऊन आली. "अगं, हे तुझ्या पिसवांना देऊन बघ ना," म्हणाली. क्विलाया नावाच्या झाडाच्या सालीचा अर्क होता, हे झाड मूळचं चिलीतलं. चिमूटभर भुकटी पाण्यात टाकून मी नळी हलवली आणि वर बोटभर फेस उभा राहिला. तासाभरानं परत आले तरी तो तसाच. सगळ्यात तीव्र द्रावणातल्या पिसवा दुसऱ्या दिवशी तळाशी पडल्या होत्या. सूक्ष्मदर्शकाखाली हृदय चालू दिसत होतं (डॅफ्नियाचं शरीर इतकं पारदर्शक असतं की ठोके मोजता येतात), पण पोहण्याचं बळ संपलं होतं.

हे सॅपोनिन. रिठ्याला फेस येतो तोही त्याच्याच कुळातल्या रेणूंमुळे. रेणूचा एक भाग साखरेच्या साखळ्यांचा, तो पाण्यात रमतो. दुसरा ट्रायटर्पीन किंवा स्टेरॉइडचा तेलकट सांगाडा, तो पाण्यापासून पळतो. साबणाचीही घडण अशीच दुतोंडी असते. पण सॅपोनिनची ओढ त्याहून नेमकी आहे. त्याला कोलेस्टेरॉल आणि त्याचे भाईबंद, म्हणजे स्टेरॉल, हवे असतात. पेशीपटलातल्या स्टेरॉलला ते जाऊन चिकटतं, पटलाची वीण विस्कटते आणि भोकं पडतात. मैत्रिणीनं मला मेंढीच्या रक्तपेशींवर ते करून दाखवलं. नळीतलं द्रावण आधी गढूळ होतं, पलीकडचं काही दिसत नव्हतं. सॅपोनिन घातलं आणि काही मिनिटांत ते लाल काचेसारखं स्वच्छ झालं, मागे धरलेल्या वहीतली अक्षरं वाचता आली. रक्तपेशी फुटून आतलं हिमोग्लोबिन पाण्यात उतरलं होतं. पिथियमसारख्या बुरशीसदृश जिवांच्या पटलात स्टेरॉल फारसं नसतं, त्यामुळे सॅपोनिनचा त्यांच्यावर जोर चालत नाही. हा एक अपवाद कळला की सगळी यंत्रणा डोक्यात पक्की बसते.

मासे यात फार लवकर सापडतात. कल्ल्यांमध्ये पाणी आणि रक्त यांच्या मध्ये अतिशय पातळ पडदा असतो आणि सॅपोनिन थेट त्या पडद्यावरच घाव घालतं. सस्तन प्राण्यांच्या आतड्यातून मात्र ते फारसं शोषलंच जात नाही. रेणू तोच, पण वाटेत कोणता पडदा येतो त्यावर निकाल बदलतो.

१९६४ साली अकलिलू लेम्मा हे इथिओपियन शास्त्रज्ञ अडवा गावाजवळ शिस्टोसोमियासिस हा परजीवी कृमींचा रोग पसरवणाऱ्या गोगलगायींचा अभ्यास करत होते. तिथे एंडोड नावाच्या झुडपाची फळं वाटून त्यांच्या फेसात कपडे धुतले जात. धुण्याच्या जागेच्या खालच्या अंगाला मेलेल्या गोगलगायी साचल्याचं लेम्मांना दिसलं. फळातल्या सॅपोनिनांनी त्या मारल्या होत्या. त्यांनी पुढची कित्येक वर्षं या कामाला वाहून घेतली आणि १९८९ मध्ये त्यांना सहकाऱ्यासह राइट लाइव्हलीहुड पुरस्कार मिळाला. गोगलगायी मारणारी मात्रा माशांनाही मारते, ही त्या उपायाची अडचणीची बाजू. ही हकिकत मी पहिल्यांदा वाचली तेव्हा माझ्या बीकरच्या कडेची ती रेघ आठवली. मी फेसाकडे चूक म्हणून पाहिलं आणि तिथेच थांबले. लेम्मांनी त्याचा पाठलाग केला.

शेतीच्या बाजूनं पाहिलं की हेच रेणू राखणदार होऊन उभे राहतात. गव्हाच्या मुळांवर 'टेक-ऑल' नावाचा बुरशीजन्य रोग पडतो. मुळं काळी पडून कुजतात, ओंब्या पांढऱ्या आणि पोचट राहतात. त्याच मातीत ओट लावला तर ही बुरशी त्याला हात लावू शकत नाही, म्हणून गव्हाच्या फेरपालटात मध्ये ओट घेतात. कारण त्याच्या मुळांमध्ये ॲव्हेनॅसिन नावाची सॅपोनिनं असतात. ओटच्या कोवळ्या मुळाचं टोक अतिनील प्रकाशात धरलं तर निळंशार चमकतं, ती चमक ॲव्हेनॅसिनची. अ‍ॅन ऑस्बर्न यांच्या गटानं नेमक्या याच चमकेचा उपयोग केला. हजारो रोपांमधून न चमकणारी वेगळी काढली आणि १९९९ मध्ये दाखवून दिलं की ॲव्हेनॅसिन गमावलेली रोपं रोगाला बळी पडतात.

त्याआधी १९९५ मध्ये याच कामाची दुसरी बाजू पुढे आली होती. त्या बुरशीचा एक भाऊबंद ओटवरही वाढतो, कारण त्याच्याकडे ॲव्हेनॅसिनची साखर तोडणारं विकर (एन्झाइम) आहे. त्या विकराचा जनुक काढून टाकला तर ती बुरशी ओटवर हरते, गव्हावर मात्र पहिल्यासारखीच वाढते. साखरेचा एक तुकडा गेला की विषाची धार जाते! रेणूचा सांगाडा कुठला हे सांगून भागत नाही, त्याला कोणती साखर कुठे लटकते आहे तेही पाहावं लागतं. मी इतकी वर्षं 'अमुक वनस्पतीचा अर्क' असं लिहून मोकळी होत असे. आता त्या तीन शब्दांची मला लाज वाटते.

वनस्पतीजन्य म्हणजे निरुपद्रवी, ही समजूत माझ्या कामात मला सगळ्यात जास्त छळते. एका बैठकीत वनस्पतीपासून केलेल्या कीटकनाशकाबद्दल बोलणं चाललं होतं. "हे तर झाडापासून आलंय, याला पाण्यातली चाचणी कशाला?" असं अगदी सहज विचारलं गेलं. मी तिथे आवाज चढवून बोलले आणि त्याचं मला वाईट वाटत नाही. शेवंतीच्या एका जातीच्या फुलांमधून निघणारं पायरेथ्रिन माशांना आणि पाण्यातल्या कीटकांना अत्यंत विषारी आहे. डेरिसच्या मुळांतलं रोटेनोन तर मासे मारण्यासाठीच वापरलं जात आलंय. झाड रसायन बनवतं ते स्वतःच्या बचावासाठी. शेतावर फवारलेलं पावसाबरोबर ओढ्याला लागतं, तेव्हा ओढ्यातल्या जिवांना त्याचं मूळ झाडात आहे की कारखान्यात, यानं काही फरक पडत नाही.

माझ्या लाडक्या डॅफ्नियावरही डोळे मिटून विश्वास टाकता येत नाही, हेही त्याच बैठकीत सांगायला हवं होतं. इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक डॅफ्निया मॅग्ना बऱ्यापैकी सोसते, पण मेफ्लाय या कीटकाची पाण्यात वाढणारी पिल्लं त्याच्या फार कमी मात्रेनं कोलमडतात. कोळंबीच्या तळ्यांत नको असलेले मासे मारायला चहाच्या बियांची पेंड टाकतात, ती याच हिशोबावर: तिच्यातल्या सॅपोनिननं मासे जातात, कोळंबी राहते. एकाच जिवावर चाचणी करून 'पाण्याला सुरक्षित' असा शिक्का मारणारा अहवाल माझ्यापुढे आला की मी त्यावर सही करत नाही.

आता त्या तपकिरी भुकटीकडे परत येते. लशीतलं प्रतिजन, म्हणजे प्रतिकारयंत्रणेनं ओळखायचा रेणू, एकटं पुष्कळदा पुरं पडत नाही, प्रतिकारयंत्रणेला 'इकडे लक्ष द्या' असं सांगणारं कुणीतरी सोबत लागतं. त्याला अ‍ॅडज्युव्हंट म्हणतात. १९२० च्या दशकात गास्तों रामों घोड्यांवर काम करताना जे पदार्थ मिसळून पाहत होते, त्यांत सॅपोनिनही होतं. १९७४ मध्ये क्रिस्तियान डाल्सगार्ड यांनी क्विलायाच्या सालीपासून शुद्ध केलेला अंश पशूंच्या लशींत रुळला, पण माणसासाठी तो फार दाहक होता. मग क्रोमॅटोग्राफी या घटक वेगळे करण्याच्या पद्धतीनं त्या मिश्रणाचे अंश एकेक करून वेगळे केले गेले. त्यांतल्या २१ व्या अंशाचं नाव क्यूएस-२१. नागिणीवरच्या शिंग्रिक्स या लशीच्या एका मात्रेत तो ५० मायक्रोग्रॅम असतो. अमेरिकेत या लशीला २०१७ मध्ये मान्यता मिळाली.

पटलाला भोकं पाडणारा रेणू माणसाच्या दंडात टोचायचा, तर आधी त्याला आवर घालायला हवा. तो कसा घातला जातो हे मला कर्करोगाच्या प्रतिकारशास्त्रावर काम करणाऱ्या एका तरुण सहकाऱ्यानं फळ्यावर काढून दाखवलं. क्यूएस-२१ ज्या मेदाच्या सूक्ष्म गोळ्यांमधून देतात, त्या गोळ्यांतच कोलेस्टेरॉल घातलेलं असतं. रेणूची ओढ तिथेच भागते, मग तो रक्तपेशी फोडत नाही आणि लशीतली मदत मात्र करत राहतो. मी खुर्चीतून उठून फळ्याजवळ गेले. वीस वर्षं ज्या गुणाला मी फक्त मरण म्हणून मोजलं होतं, त्याला कुणीतरी इतक्या साध्या युक्तीनं वेसण घातली होती.

कर्करोगात या रेणूकडून आशा मोठी होती. गाठीशी लढायला नुसती प्रतिपिंडं पुरत नाहीत, पेशी मारणाऱ्या टी-पेशी लागतात, आणि प्रतिजनाला डेंड्रायटिक पेशींच्या (टी-पेशींना प्रतिजन दाखवणाऱ्या पेशींच्या) आत योग्य जागी पोचवून त्यांना जागं करण्यात क्यूएस-२१ मदत करतं. एमएजीई-ए३ या प्रतिजनाची लस अशाच मिश्रणासह फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या २,००० हून अधिक रुग्णांमध्ये तपासली गेली. २०१४ मध्ये ते काम थांबवावं लागलं, रोग परतण्याचं प्रमाण त्यानं कमी झालं नव्हतं. हे सांगताना तो सहकारी बराच वेळ फळ्याकडे पाहत राहिला. "मॅडम, हाक चांगली होती, पण तिकडून दार बंद होतं," म्हणाला. गाठी टी-पेशींना ब्रेक लावून ठेवतात. त्या ब्रेकांचा शोध लावल्याबद्दल जेम्स ॲलिसन आणि तासुकु होन्जो यांना २०१८ चं नोबेल मिळालं. हाक आणि ब्रेक काढणं या दोन्हींची जोडी जमेल का, हा त्याचा प्रश्न आहे आणि तो त्याच्यामागे रात्रंदिवस आहे.

क्विलायाची झाडं मोजकी आणि साल सोलून किती सोलणार? इथे मला ऑस्बर्न यांचं नाव पुन्हा भेटलं. ओटच्या मुळांपासून सुरुवात केलेल्या याच बाई! त्यांच्या गटानं क्विलाया झाड हे रेणू कसं घडवतं ते पायरीपायरीनं उलगडलं, आणि २०२४ मध्ये तंबाखूच्या कुळातल्या एका वनस्पतीत क्यूएस-२१ तयार करून दाखवलं. त्याच वर्षी ते यीस्टमध्येही तयार झालं. ओटच्या मुळावरच्या निळ्या चमकेपासून लशीपर्यंतची ही वाट एकाच व्यक्तीच्या हयातीत चालली गेली, आणि हे वाचून मला फार बरं वाटलं.

त्या सहकाऱ्यानं कधी जिवंत डॅफ्निया पाहिली नव्हती. मी त्याला सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं आणि सांगितलं की त्याच्या शास्त्राचा एक पाया याच प्राण्यात घातला गेला. १८८४ मध्ये इल्या मेचनिकॉव्ह यांनी डॅफ्नियाच्या पारदर्शक शरीरात यीस्टचे सुईसारखे बीजाणू आतड्याची भिंत भेदून येताना पाहिले, आणि रक्तपेशी गोळा होऊन त्यांना गिळतानाही पाहिलं. १९०८ चं नोबेल त्यांना पॉल एर्लिख यांच्यासोबत मिळालं. तो बराच वेळ भिंगातून डोळा काढेना. मग एकदम म्हणाला, "कोलेस्टेरॉल मिसळलेलं सॅपोनिन यांना दिलं तर?"

हे मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं. मैत्रीण सालीचा ताजा अर्क देणार आहे, तो गोळ्या तयार करणार आहे. रांगा चार: नुसतं पाणी, नुसत्या गोळ्या, नुसतं सॅपोनिन आणि दोन्ही एकत्र. पिल्लं २४ तासांच्या आतली हवीत, म्हणून रविवारी संध्याकाळी पोटात अंडी असलेल्या मोठ्या पिसवा मला वेगळ्या काढून ठेवायच्या आहेत. बीकर विसळून झालेत, तीनदा.