१०४ तास आणि एक सळई

मे महिन्यात धातूंच्या क्रीपवरचा माझा प्रोजेक्ट सुरू झाला, तेव्हा सरांनी मला आधी प्रयोगशाळेत येऊच दिलं नाही. "पहिले घरी सोल्डरची तार टांग," म्हणाले.

गच्चीवरच्या खोलीत ६०-४० सोल्डरची (६० टक्के कथील, ४० टक्के शिसं) हातभर तार टांगली, खाली अर्ध्या किलोचं वजन, मागे भिंतीवर पेन्सिलची खूण. सकाळच्या आणि रात्रीच्या खुणेत बोटभर अंतर पडलं. वजन तेच, कुणी हात लावलेला नाही, तरी तार खाली येतच होती. हाच क्रीप. एरवी सहज पेलेल असा ताण असला, तरी तापलेला धातू त्या ताणाखाली कणाकणाने लांबत जातो. तापलेला कशाला म्हणायचं, हे त्याच्या वितळबिंदूवर ठरतं. केल्विनमध्ये मोजलेल्या वितळबिंदूच्या साधारण ०.४ पटीवर गेलं की क्रीप धरूनच चालावं लागतं. सोल्डर १८३ अंशांना, म्हणजे ४५६ केल्विनला वितळू लागतं. आपले ४५ अंश म्हणजे ३१८ केल्विन. जवळपास ०.७ पट! सोल्डरसाठी नागपूरचा उन्हाळा भट्टीच आहे. लोखंडाची तीच रेषा ४५० अंशांच्या आसपास येते, आणि औष्णिक केंद्रातल्या २१० मेगावॅटच्या संचात वाफ टर्बाइनकडे जाते ती सुमारे ५४० अंशांना.

माझे काका कोराडीच्या औष्णिक केंद्रात बॉयलर मेंटेनन्समध्ये होते, म्हणून मी बॉयलरच्या नळ्यांचंच पोलाद निवडलं: सव्वादोन टक्के क्रोमियम, एक टक्का मॉलिब्डेनम. ६ मिमी व्यासाच्या सळईचा नमुना, तापमान ६५० अंश, ताण ७५ मेगापास्कल. त्यासाठी २१६ किलो भार लागतो. यंत्राचा लिव्हर भार दहापट करतो, त्यामुळे पॅनमध्ये २१.६ किलो ठेवले. खरी मेहनत तापमानाची. नमुन्याच्या वर, मध्ये आणि खाली अशी तीन थर्मोकपल (तापमान मोजणाऱ्या तारा) बांधायची आणि तिन्ही आकडे दोन अंशांच्या आत आणायचे. यातच माझे तीन दिवस गेले.

पहिली चाचणी ६१व्या तासाला लाइट गेल्याने वाया गेली. भट्टी थंड झाली, नमुना आकसला, आणि पुढचा आलेख मागच्याला जोडता येईना. मी रडले. सरांनी दुसरा नमुना हातात दिला.

दुसऱ्या वेळी जनरेटरची सोय करून घेतली आणि रात्री तिथेच बाकावर झोपले. दर तासाला डायल गेज, म्हणजे नमुना किती लांबला ते दाखवणारा काटा, वाचायचा. सुरुवातीला काटा भराभर सरकला, मग मंदावला, कारण ताणाखाली धातू आधी कठीण होत जातो. नंतर हे कठीण होणं आणि उष्णतेने पुन्हा मऊ होणं यांचा तोल बसतो आणि वाढ एकसारखी होते. हा टप्पा फार लांबला. वहीत तासामागून तास जवळजवळ तेवढाच फरक. ८० तासांनंतर फरक वाढू लागला, तेव्हा झोपच उडाली. पहाटे तीनच्या सुमारास पॅन वाळूच्या पेटीत आदळला. १०४ तास.

तुटलेले दोन तुकडे जुळवून मोजले. खुणांमधलं ३० मिमी अंतर ४० झालं होतं. सूक्ष्मदर्शकाखाली, तुटल्या जागेजवळ ग्रेनच्या, म्हणजे धातूतल्या स्फटिककणांच्या, सीमांवर बारीक पोकळ्या दिसल्या. त्या पाहून अंगावर काटा आला, कारण चालू नळीतही ऱ्हास याच वाटेने होतो आणि बाहेरून काही कळत नाही.

मग लार्सन-मिलरचा हिशेब केला. १९५२ मधली ही पद्धत तापमान आणि वेळ एका आकड्यात बांधते: केल्विन गुणिले (२० अधिक तासांचा लॉग). तोच ताण ठेवून ५४० अंशांना तुटायला किती वेळ लागेल, याचं उत्तर आलं सुमारे ९९ हजार तास, अकरा वर्षांहून थोडं जास्त. माझे सव्वाचार दिवस म्हणजे तिकडची अकरा वर्षं! हा अंदाजच आहे, एका नमुन्यावरून नळीचं आयुष्य ठरत नाही. तरी मी ५५० घालून पाहिलं. ४९ हजार. दहा अंशांत आयुष्य अर्धं.

संध्याकाळी वही घेऊन काकांकडे गेले. त्यांनी दोन्ही तुकडे तळहातावर घेतले, आकडे दोनदा वाचले.

"काटा ५४० च्या वर गेला का आमचे शिफ्टवाले साहेब धावत येत," काका म्हणाले. "मले वाटे, दहा डिग्रीसाठी हा माणूस एवढा काहून ओरडते."