तुम्ही विचारलंत म्हणून : त्याला कुठे पाठवायचं?

दरवर्षी मे महिन्यात, परीक्षा आटोपल्या की मी माझ्या फ्रेंचच्या विद्यार्थ्यांना घरी बोलावते, बाहेरच्या खोलीत सतरंजी घालते आणि एक सिनेमा दाखवते. गेली आठ वर्षं तोच सिनेमा. शेवटच्या पाट्या वर सरकायला लागल्या आणि पन्ह्याचे पेले रिकामे झाले की कुणीतरी विचारतंच, "मॅडम, याचा मराठीत सिनेमा केला तर त्या माणसाला कुठे पाठवायचं?" आणि मी तोंड उघडायच्या आत निम्मी खोली ओरडते, "गडचिरोली!"

मी दरवेळी "बघू" म्हणून पेले उचलायला लागते. यंदा एक मुलगी मागोमाग स्वयंपाकघरात आली आणि सिंकपाशी उभी राहून तिनं पुन्हा तेच विचारलं. तिला तेव्हा नीट उत्तर दिलं नाही, ते इथं देते.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी आधी सिनेमा. 'बियँव्हन्यू शे ले श्ती', म्हणजे साधारण 'या, श्ती लोकांच्या गावी'. श्ती म्हणजे फ्रान्सच्या पार उत्तरेकडचे लोक, आणि त्यांची बोलीही श्तीच. साल 2008. फिलिप हा पोस्टातला मॅनेजर, दक्षिण फ्रान्समधल्या सालों-द-प्रोव्हान्स गावात. तिथं ऊन भरपूर आहे, पण बायकोला समुद्रकिनारा हवा. ती उदास असते, घरात धुसफूस चालू. किनाऱ्यावरची जागा मिळावी म्हणून हा चाकांच्या खुर्चीत बसून अपंग असल्याचं सोंग करतो, तपासणीत पकडला जातो आणि शिक्षा म्हणून दोन वर्षांसाठी त्याची बदली होते ती थेट बेर्गला. डंकर्कच्या शेजारी, बेल्जियमच्या सीमेजवळ, फ्रान्सच्या नकाशाच्या पार वरच्या टोकाला.

बदलीची बातमी ऐकून घरात सुतक पसरतं. नात्यातला एक म्हातारा अंधारात बसून उत्तरेच्या थंडीच्या भुताच्या गोष्टी सांगाव्यात तशा गोष्टी सांगतो. फिलिप महामार्गावर इतकी हळू गाडी चालवतो की पोलीस अडवतात, आणि कुठे चाललाय हे कळल्यावर दंड न करता, कीव करून सोडून देतात. प्रदेशाच्या हद्दीची पाटी ओलांडायचा अवकाश, धो धो पाऊस सुरू.

हा तिटकारा हवेतून आलेला नाही. उत्तरेचा हा भाग म्हणजे कोळशाच्या खाणी आणि कापडाच्या गिरण्या. दीडशे-दोनशे वर्षं त्यांनी देशाला ऊब दिली, मग एकेक करून सगळं बंद झालं. 1990च्या डिसेंबरात तिथली शेवटची खाणही मिटली. मागे राहिली बेकारी, आणि बेकार माणसांबद्दल इतरांच्या मनात जे जे येतं ते सगळं : दारुडे, गावंढळ, अडाणी बोलणारे. गिरणगावातल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

बेर्गला पोचल्यावर अर्थातच फिलिपचा जीव जडतो. पोस्टमन आंत्वान चर्चजवळच्या उंच मनोऱ्यात घंटा वाजवतो, त्याची आई पाहुण्याला आपल्या घरी ठेवून घेते, सकाळी सकाळी उग्र वासाचं मारवाल चीज पावावर घालून चिकोरीच्या कॉफीत बुडवून खायला लावते. इथवरचा भाग गोड आहे, पण असा भाग कुणीही लिहिला असता. माझ्या मते सिनेमा खरा सुरू होतो तो फोनवर. आपलं बरं चाललंय हे फिलिप बायकोला सांगायला जातो, तर तिचा विश्वास बसत नाही. तिला वाटतं, आपल्याला वाईट वाटू नये म्हणून हा सोसतोय. मग हा खोटं बोलायला लागतो : भयंकर थंडी, भयंकर माणसं. आणि वर्षानुवर्षं रुसलेली बायको एकदम प्रेमळ होते. सुट्टीत घरी गेला की त्याचे लाड होतात. उत्तर जितकी वाईट, तितका संसार चांगला.

इथं मी पहिल्यांदा हसायची थांबले. कारण मी हा सिनेमा पाहिला तो वडशात.

मी तेव्हा बँकेत होते. बढती मिळाली आणि पुण्याहून बदली झाली देसाईगंजला, ज्याला सगळे वडसाच म्हणतात. जिल्हा गडचिरोली. बढतीची बदली होती, तरी ओळखीतला प्रत्येक माणूस आवाज खाली आणून विचारायचा, "काय केलंस गं असं?" गडचिरोली म्हणजे शिक्षाच, ही खात्री इतकी पक्की की माझ्या बढतीचे पेढे मी अपराध्यासारखे वाटले. सासूबाईंनी टॉर्च दिला. मावसभावानं साप चावल्यावर काय करायचं याचा कागद छापून आणला. नागपूरहून उमरेड, भिवापूर, नागभीड, ब्रह्मपुरी करत एसटीनं वैनगंगा ओलांडली तेव्हा मला खात्री होती की पुलापलीकडे एकदम जंगलच सुरू होणार. पुलापलीकडे धानाची शेतं होती, आणि मग मोबाइलच्या दुकानांची रांग.

पहिल्या आठवड्यातली गोष्ट. सकाळी शिपाई केबिनमध्ये येऊन म्हणाला, "म्याडम, दारात सेन पडून आहे." मी उठून उभी राहिले. चामोर्शी-मुलचेऱ्याकडे बंगाली निर्वासितांच्या वस्त्या आहेत हे मी ऐकून होते. "कोण सेन? डॉक्टरला फोन केला का?" तो माझ्याकडे बघतच राहिला. "डॉक्टर कायले जी? झाडूवालीले सांगतो ना." दारात गाईनं शेण टाकलं होतं. झाडीबोलीत, म्हणजे तिकडच्या मराठीच्या बोलीत, श नाही, ण नाही. शेणाचं सेन होतं, शेताचं सेत.

आता सिनेमातला प्रसंग ऐका. फिलिप सरकारी घरात येतो, घर रिकामं. आंत्वान सांगतो की आधीचा मॅनेजर सगळं सामान घेऊन गेला, कारण ते त्याचंच होतं. 'त्याचं' याला फ्रेंचमध्ये 'सियँ'. पण उत्तरेत स चा श होतो, म्हणून आंत्वान म्हणतो 'शियँ', आणि शियँ म्हणजे कुत्रे. फिलिप चक्रावतो : सामान कुत्र्यांचं? कुठले कुत्रे? हा गोंधळ बराच वेळ चालतो. तिकडे स चा श, इकडे श चा स. रात्री लॅपटॉपवर हा प्रसंग मी तीनदा मागे नेऊन पाहिला. या घोळात हसू कुणाचं होतं ते पाहा. आंत्वान नीटच बोलत असतो, त्याच्या गावातल्या प्रत्येकाला ते कळलं असतं. खुळा दिसतो तो मॅनेजर. तसंच माझ्या सेनबाबूंचं.

म्हणून "गडचिरोली!" असं ओरडणाऱ्यांना मी लगेच हो म्हणत नाही. आपल्याकडच्या विनोदात बोली बोलणारा माणूस बहुतेक वेळा नोकर असतो, हवालदार असतो, नाहीतर बावळट मित्र. तो तोंड उघडतो आणि थिएटर हसतं. या फ्रेंच सिनेमाचा दिग्दर्शक दानी बून हा स्वतः उत्तरेतल्या आर्मांतिएरचा, आणि पोस्टमन आंत्वानही तोच झालाय. घरच्या माणसानं घरची थट्टा केली की तिचा सूर निराळा लागतो. त्यातला 'बिलूट' हा शब्द घ्या. उत्तरेत दोस्ताला मारलेली हाक, मुळात अर्थ मात्र चारचौघांत सांगण्यासारखा नाही. नागपूरकडचा 'बे' आठवतो. पुण्यात 'काय बे' म्हटलं की भुवया वर जातात, तिकडे त्याच्याशिवाय मैत्री पुरी होत नाही.

आणि एक. "मॅडम, वऱ्हाडीत मजा येईल" असं मुलं म्हणतात तेव्हा मी कपाळाला हात लावते. वडशात वऱ्हाडी नाही बोलत, बाबांनो. वऱ्हाड पश्चिमेला, अमरावती-अकोल्याकडे. नागपुरी वेगळी, झाडीबोली वेगळी. पण या बाबतीत सिनेमाचंही फार बरोबर नाही. श्ती ही पिकार्ड घराण्यातली, म्हणजे फ्रेंचच्या नात्यातली बोली, तर बेर्ग हे जुनं फ्लेमिश गाव, तिथली मूळ बोली डचच्या कुळातली. म्हणजे खुद्द उत्तरेच्या माणसानंही उत्तरेची एकच मोट बांधली. बाकीच्या फ्रान्सला कळलं नाही, चाललं. आपल्याकडेही चालेल, म्हणूनच भीती वाटते.

सिनेमा किती चालला? उत्तरेत तो 20 फेब्रुवारीला, बाकी देशाच्या आठवडाभर आधी लागला. एकूण दोन कोटींहून जास्त तिकिटं खपली. देशाची लोकसंख्या तेव्हा सहा-साडेसहा कोटी. 1966 पासून टिकलेला फ्रेंच सिनेमाचा विक्रम मोडला. बेर्गला बसनं माणसं यायला लागली. त्यावरून सिनेमानं पूर्वग्रह पुसला म्हणावं, तर 29 मार्चला, म्हणजे महिन्याभरात, पॅरिस आणि उत्तरेतल्या लाँस या संघांचा फुटबॉलचा अंतिम सामना होता. तिथं पॅरिसच्या चाहत्यांनी भलामोठा फलक उलगडला : उत्तरेचे लोक बेकार, आपसांत लग्नं लावणारे, आणि मुलांबद्दलचा एक शब्द जो मी लिहीत नाही. खाली सिनेमाचं नाव, जसंच्या तसं. सरकारनं नंतर त्या चाहत्यांचा एक गट बरखास्त केला. पण बघा, टोमणा मारायला सिनेमाचंच नाव कामी आलं.

कुणी असंही म्हणतं की या सिनेमानं सोपा पूर्वग्रह निवडला. यात तथ्य आहे. दानी बूनचे वडील अल्जीरियाहून आलेले, फिलिप झालेल्या काद मेरादचेही अल्जीरियन. फ्रान्समध्ये त्या नावांना जे सोसावं लागतं त्याबद्दल पडद्यावर अवाक्षर नाही. विनोदी सिनेमाकडून ती अपेक्षा ठेवावी का? माझं मन अजून ठरत नाही.

तर फोन. मीही तेच केलं. पहिल्या महिन्यात मी आईला खरं सांगितलं होतं, "बरं आहे गं." ती म्हणाली, "आमच्यापासून लपवू नकोस." मग एकदा दमले होते, म्हणून चिडून म्हटलं, "लाईट नसते, उकाड्यानं जीव जातो." उकाडा खोटा नव्हता, ज्या ब्रह्मपुरीचा पारा दर उन्हाळ्यात बातम्यांत झळकतो ती नदीपलीकडेच. लाईटचं मात्र मी वाढवून सांगितलं. पुढच्या आठवड्यात पार्सल आलं : मेतकूट, लाडू, इमर्जन्सी लॅम्प. माझ्या नोकरीवरून कुरकुरणारा नवरा रोज रात्री न चुकता फोन करायला लागला. सासूबाई नातेवाइकांना सांगू लागल्या, "आमची सून गडचिरोलीत आहे हो," आणि त्यात पहिल्यांदाच माझा अभिमान ऐकू आला. मग कशाला खरं सांगा? मी लाईट घालवतच राहिले. नवरा येतो म्हणाला की म्हणायचे, "नको, तुझे हाल होतील." फिलिपही तसंच म्हणतो.

एकदा असाच फोन ठेवला. शिपाई चहा घेऊन दारात उभा होता. कप टेबलावर ठेवत हळूच म्हणाला, "म्याडम, काल तर लाईट गेलीच नाही जी."

बस, एवढंच. रागावला नाही, पुन्हा कधी तो विषय काढला नाही. सिनेमात फिलिपची बायको अचानक यायला निघते, तेव्हा आपली काय बदनामी झालीय हे कळून बेर्गची माणसं दुखावतात, पण त्याला वाचवायला जुन्या खाणवस्तीत एक घाणेरडं, दारुडं, खोटं बेर्ग उभं करतात. लोक त्या प्रसंगाला पोट धरून हसतात. मला तिथं तो कप दिसतो.

नवरा शेवटी दुसऱ्या हिवाळ्यात आलाच. माझ्याकडे खोटं वडसा नव्हतं, म्हणून खऱ्यातच नेलं. दिवाळीनंतर तिकडे गावोगाव मंडया, म्हणजे जत्रा, भरतात आणि मंडईच्या रात्री नाटक. या पूर्व विदर्भाच्या पट्ट्याला झाडीपट्टी म्हणतात, आणि वडसा म्हणजे झाडीपट्टी रंगभूमीचं मुख्य ठाणं. कंपन्यांची ऑफिसं पाट्या लावून ओळीनं बसलेली. त्या भागातले नट परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली तेव्हा पुण्यात मला चौघांनी विचारलं, "हे कोण?" असो. शेतात मांडव, हजारांनी माणसं, अंगावर ब्लँकेटं, लहान पोरं मांडीत झोपलेली. रात्री उशिरा पडदा वर गेला तो पहाटेपर्यंत. तीनच्या सुमाराला नवऱ्यानं झगमगत्या रंगमंचाकडे बघत विचारलं, "इथं लाईट नसते म्हणाली होतीस ना?"

"जनरेटर आहे," मी म्हटलं.

तेव्हा त्याला कुठे पाठवायचं? इटलीत 2010 साली याच गोष्टीचा सिनेमा झाला, तर तिथं दिशा उलटी : उत्तरेतला माणूस दक्षिणेत कास्तेल्लाबातेला, कारण त्यांच्याकडे नाकं मुरडली जातात ती दक्षिणेकडे बघून. मग आपणही उलटं करावं. झाडीपट्टीतल्या साकोलीचा नाहीतर आरमोरीचा एखादा पोस्टमास्तर पुण्यात, सदाशिव पेठेत पाठवावा. तो रोज रात्री बायकोला फोनवर सांगेल की इथं पाहुण्याला पाणीसुद्धा मोजून देतात, दुपारी एक ते चार कुणी जिवंत नसतं. आणि बायको तिकडे रडत रडत तांदळाचं पोतं पाठवेल. पेठेतल्या शेजाऱ्यांनी त्याच्यासाठी मुद्दाम तिरकस वागून दाखवावं. त्यांना फार तालीम लागणार नाही. लिहिणारा मात्र आरमोरीचाच हवा, माझ्यासारखी नको.

ते पोरं करतील तेव्हा करोत. आईला अजून वाटतं की मी ती अडीच वर्षं मेणबत्तीवर काढली. परवा सोसायटीची लाईट गेली, सगळ्या जिन्यात येऊन बसल्या. शेजारच्या काकू वैतागल्या तर आई म्हणाली, "हिला विचारा. हिनं वडशात काय काय भोगलंय."

मी चहा टाकायला आत गेले.