वसंत आला, लीश आखूड करा

स्कॉटलंडमधल्या एडिनबराच्या नैऋत्येला पेंटलंडच्या टेकड्या शहराला अगदी खेटून उभ्या आहेत. सगळ्यांत उंच माथा स्कॉल्ड लॉ, ५७९ मीटर. सिंहगडाच्या निम्म्याहूनही कमी. यवतेश्वरचा घाट पळत चढलेल्या सातारकरणीने नाक मुरडावं अशीच उंची. पण नाक मुरडायला ते आधी जागेवर राहावं लागतं. एप्रिलमध्ये या माथ्यावर एका तासात ऊन, गारा आणि पुन्हा ऊन असं सगळं होऊन जातं, आणि वारा तर बोलतानाचा शब्द तोंडातून काढून नेतो.

माझ्या कुत्र्याला, मोत्याला, यातलं काहीच खटकत नाही. तो बॉर्डर कोली (मेंढ्या हाकणारी जात) आणि आणखी कशाकशाची सरमिसळ आहे, निवाऱ्यातून आणलेला. इथल्या नियमाप्रमाणे त्याच्या कातडीखाली मायक्रोचिप आहे आणि गळ्यातल्या बिल्ल्यावर आमचं नाव-पत्ता. शेजारपाजारच्यांना त्याचं नाव पाठ आहे. मी मात्र फक्त ‘मोत्याची आई’. डिसेंबरात इथे पावणेचारच्या आत सूर्य मावळतो, तेव्हा आमचं फिरणं म्हणजे कपाळाला दिवा लावून गल्लीला चक्कर. मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर पुढे जातात आणि मे येईस्तोवर रात्री नऊलाही चांगलं उजेडलेलं असतं. ऑफिस संपवून, कपडे बदलून, बस पकडून डोंगर गाठता येतो. बसमध्ये कुत्रा चालतो, फक्त ड्रायव्हरची हरकत नसावी लागते. आजवर तरी ड्रायव्हर माझ्याआधी मोत्यालाच ‘हॅलो’ करतात.

आमची आवडती वाट फ्लॉटरस्टोनहून निघते. टर्नहाउस हिल, मग कार्नेथी, मग स्कॉल्ड लॉ, आणि परतताना खाली उतरून लोगनली आणि ग्लेनकोर्स या दोन जलाशयांच्या कडेने सपाट रस्ता. खालच्या उतारांवर गॉर्सची काटेरी झुडपं पिवळीधमक फुललेली असतात आणि ऊन पडलं की त्यांना चक्क नारळाचा वास येतो. पहिल्यांदा मला वाटलं, कुणीतरी सोलकढीचा डबा उघडलाय.

कार्नेथीच्या चढावर तर इथले लोक शर्यत लावतात. कार्नेथी फाइव्ह म्हणून दर फेब्रुवारीत एक हिल रेस होते, १३०३ सालच्या रॉसलिनच्या लढाईच्या आठवणीची. पाच माथे, साधारण दहा किलोमीटर, आणि चढ साडेसातशे मीटरचा. हाफ पँटवर. फेब्रुवारीत. मी आपली टाळ्या वाजवायला जाते.

आता जमिनीचं. २००३ च्या जमीन सुधारणा कायद्याने स्कॉटलंडमध्ये कुणालाही जवळपास कुठल्याही डोंगरा-माळावरून, खाजगी मालकीच्या असल्या तरी, चालायची मोकळीक आहे. घराचं अंगण, उभं पीक वगैरे सोडून. सह्याद्रीत आपण वाटेतल्या शिवारातून मामांना ‘जाऊ का हो इकडनं?’ विचारून जातो, ते इथे कायद्यानेच मान्य. पण कायद्याला ‘जबाबदारीने’ असा एक शब्द जोडलेला आहे, आणि कुत्रा सोबत असला की वसंतात त्या शब्दाचा पुरता हिशोब द्यावा लागतो.

कारण याच दिवसांत मेंढ्या वितात. डोंगरावरच्या कळपांचा हंगाम साधारण एप्रिलच्या मध्यापासून. भिंतीपलीकडे मेंढीच्या कुशीवर रंगाने मोठा आकडा मारलेला दिसतो, समजा ४७. आणि तिच्या पायांत घुटमळणाऱ्या दोन्ही कोकरांवर तोच ४७. कोण कुणाचं हे शेतकऱ्याला लांबून कळावं म्हणून. कोकरू दूध प्यायला घुसलं की त्याचं शेपूट गरागरा फिरतं, आणि कधी इतक्या जोरात ढुशी देतं की मेंढीचे मागचे पाय उचलले जातात.

कुत्रा चावलाच नाही, नुसता मागे लागला तरी गाभण मेंढीचं पोट पडू शकतं. कोकरू आईपासून तुटलं तर कधीकधी ती त्याला परत जवळ घेत नाही. म्हणून कोकरं असलेल्या वावरात कुत्र्याला न्यायचंच नाही, दुसरी वाट धरायची. २०२१ च्या कायद्यानुसार कुत्र्याने जनावरांना त्रास दिल्यास मालकाला ४०,००० पौंडांपर्यंत दंड किंवा वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते. मला ही शिक्षा कडक वाटत नाही. सकाळी उठून मेलेली कोकरं मोजणाऱ्या माणसाच्या बाजूने बघा. मोत्याच्या रक्तात तर मेंढ्या हाकणं भिनलेलं. त्याचे कान उभे राहिले आणि मान खाली गेली की मी लीश मनगटाला आणखी एक वेढा देते.

मेंढ्या संपल्या म्हणून लीश सोडावी तर वर हेदरच्या (बुटक्या झुडपांच्या) माळावर पक्षी. कर्ल्यू, टिटवीच्या कुळातला लॅपविंग, आपल्या चंडोलाचा भाऊबंद स्कायलार्क, सगळ्यांची अंडी जमिनीवर. एप्रिल ते जुलै त्यांचा विणीचा काळ. कर्ल्यू म्हणजे तोच लांब, खाली वळलेल्या चोचीचा पक्षी, जो हिवाळ्यात कोकणच्या खाड्यांवरही दिसतो. कुत्र्याने तो उडवला की अंडी उघडी पडतात, गारठतात, नाहीतर कावळ्याच्या तोंडी जातात.

यावर तोडगा म्हणून आम्ही कॅनिक्रॉस धरलं, म्हणजे कुत्र्याला कमरेला बांधून पळणं. माझ्या कमरेला रुंद पट्टा, त्याच्या अंगात हार्नेस, मध्ये ताणली जाणारी दोरी. ओढ त्याच्या छातीवर येते, गळ्यावर नाही. चढाला हा प्रकार झकास, अर्धा डोंगर मोत्याच चढवतो. उतार मात्र जिवावर येतो. तिथे ‘मागे!’ हा एकच शब्द कामाचा, आणि तो त्याला मराठीतच कळतो. शनिवारच्या पार्करनला (सगळ्यांनी मिळून पळायचं, फुकट, पाच किलोमीटर, स्कॉटलंडात साडेनऊला) कमरेचा पट्टा चालत नाही. हातात आखूड लीश, माणशी एक कुत्रा. काही ठिकाणी कुत्र्यांना मुळातच मनाई, ते आधी बघून जावं.

गायींचं उलटं आहे. वासरू जवळ असलेली गाय कुत्र्यावर चाल करून येते, आणि असं झालं तर लीश सोडून द्यायची असंच इथल्या नियमावलीत सांगितलंय. कुत्रा पळून वाचतो, आपण वाचत नाही.

शी उचलायची पिशवी खिशात हवीच. आईला व्हिडिओ कॉलवर हे दिसलं तेव्हा ती म्हणाली, ‘एवढं शिकून हेच करतेस?’ कुत्र्याच्या विष्ठेतून निओस्पोरा नावाचा परजीवी चरणाऱ्या गायींपर्यंत जातो आणि गाय गाभ टाकते, हे सांगितल्यावर मात्र गप्प झाली. तिच्या माहेरी दावणीला म्हशी होत्या.

घरी आल्यावर गोचिडी. मार्चपासून त्या गवतात, ब्रॅकन नावाच्या नेच्यात टपून असतात, मोत्यालाही चिकटतात आणि मलाही. इथल्या गोचिडीतून लाइम रोग होऊ शकतो, म्हणून दाबून ओढायची नाही. छोट्या दुतोंडी हुकात पकडून हळूहळू फिरवत काढायची, डोकं आत राहता कामा नये. मोत्याचे कान, काखा, बोटांमधल्या खाचा. मग माझे गुडघ्यामागचे खळगे. पुढचे काही आठवडे कातडीवर लाल गोल (लाइमची खूण) पसरतोय का बघायचं, आणि दिसला तर थेट डॉक्टर. आईचा सल्ला, ‘तंबाखूचं पाणी लाव.’ तो मी मोत्याच्या व्हेटपर्यंत पोचवलेला नाही.