भरून द्यायचा रविवार

हनोईतल्या ज्या खासगी केंद्रात मी लहान मुलांना इंग्रजी शिकवीत असे, तेथे शनिवार हा सर्वांत गर्दीचा दिवस होता आणि करारात लिहिलेली माझी साप्ताहिक सुट्टी रविवारी होती. या धंद्यातली एक गोष्ट बाहेरच्या माणसाला सहसा ठाऊक नसते. तेथे पालक महिन्याची फी भरत नाहीत, ठरावीक तासांची भरतात. त्यामुळे सरकारी सुट्टी आली, की शिक्षकाला कायद्याने पगारी रजा मिळते, पण केंद्राच्या वहीत पालकांचा एक तास देणे राहतो आणि तो कोणाच्या रविवारातून फेडायचा, हे व्यवस्थापक ठरवतात.

२०२४ साली ३० एप्रिल, म्हणजे व्हिएतनामच्या एकीकरणाचा दिवस, मंगळवारी आला आणि १ मे, कामगार दिन, बुधवारी. दोन्ही संध्याकाळी माझे वर्ग होते. गुरुवारी मी कामावर पोहोचले तेव्हा व्यवस्थापिकेने माझ्यासमोर व्हिएतनामी भाषेतला एक कागद ठेवला आणि येत्या रविवारी बुडालेले दोन्ही वर्ग भरून द्यायचे आहेत, येथे सही करा, असे सांगितले. माझ्या वर्गातल्या साहाय्यक शिक्षिकेने तो मला वाचून दाखवला. मी स्वखुशीने जादा काम करण्यास तयार आहे, असा त्याचा मजकूर होता. तारीख, वेळ आणि ठिकाण यांचे रकाने कोरे होते.

व्हिएतनामची २०१९ ची कामगार संहिता, जी १ जानेवारी २०२१ पासून लागू झाली, या बाबतीत अगदी स्पष्ट आहे. जादा कामाला कामगाराची संमती लागते, आणि संहितेखालच्या नियमांप्रमाणे ती कोणत्या वेळेसाठी, कोणत्या ठिकाणी व कोणत्या कामासाठी आहे, हे ठरलेले असावे लागते. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी केलेल्या कामाचा मोबदला नेहमीच्या दराच्या किमान दुप्पट आणि सार्वजनिक सुट्टीच्या दिवशीचा तिप्पट असतो. व्यवस्थापिकेचे म्हणणे असे, की हा ओव्हरटाइम नव्हेच. वर्ग फक्त पुढे सरकला आहे, म्हणून वेगळा मोबदला नाही. हा युक्तिवाद मला आजही खोटा वाटतो. पगारी सुट्टीचे काम नंतर फुकट करून द्यायचे असेल, तर ती सुट्टी उरत नाही, ती उसनवारी होते.

पैशांहून अधिक मला त्या वर्गाच्या आखणीचा संताप आला. मंगळवारचा वर्ग केंब्रिजच्या मुलांसाठीच्या परीक्षांतल्या स्टार्टर्स या पहिल्या पातळीचा होता आणि बुधवारचा त्यावरच्या मूव्हर्सचा. रविवारी दोन्ही वर्गांना एकाच खोलीत सलग तीन तास बसवायचे, असे ठरले होते. व्हिएतनामी मुलांना इंग्रजी शब्दांच्या शेवटचे व्यंजन मोठ्या कष्टाने साधते, कारण त्यांच्या भाषेत शब्दाच्या शेवटी 'स'सारखे घर्षणाचे ध्वनी येतच नाहीत. 'हाउस' म्हणायचे, तर पुष्कळ मुले 'हाउ'वर थांबतात. मी त्यांना शब्द उच्चारताना बोट खांद्यापासून मनगटापर्यंत न्यायला लावीत असे आणि बोट मनगटाला टेकेपर्यंत शेवटचा ध्वनी सोडायचा नाही, असा नियम होता. प्रत्येक मुलाकडे जाऊन, त्याच्या ओठांकडे पाहून, रोज थोडे थोडे करावे तेव्हा काही आठवड्यांनी त्याचे फळ दिसते. दोन पातळ्यांची मुले एका खोलीत कोंबून हे होत नाही. तेथे फक्त गाणी लावून वेळ काढता येतो आणि हजेरीपटावर 'भरपाई झाली' असे लिहिता येते. पालकांनाही, खेदाने सांगावे लागते, पुष्कळदा हजेरीपटच पुरेसा असतो.

त्या रात्री मी बडोद्याला बाबांना फोन केला. त्यांची सारी नोकरी मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात झाली आणि १९४८ चा कारखाने अधिनियम त्यांना कलमांसकट पाठ आहे. ओव्हरटाइमचा दर दुप्पट, हे मी शाळेत असल्यापासून घरी ऐकत आले आहे. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "भांडू नकोस. तारीख, तास आणि दर तुझ्या हाताने लिही आणि मग सही कर. कोऱ्या कागदावर मात्र सही करायची नाही. आणि बदली सुट्टी देणार असतील, तर कोणत्या दिवशी, तेही त्यांच्याकडून लिहून घे."

शुक्रवारी मी तसेच केले. रकाने भरले, दुप्पट दर लिहिला आणि कागद परत दिला. व्यवस्थापिकेने तो घेतला नाही. मुख्य कार्यालयाला विचारावे लागेल, असे म्हणून तिने लगेच विषय बदलला: माझ्या कामाच्या परवान्याचे नूतनीकरण लवकरच आहे, त्याची कागदपत्रे तिच्याच टेबलावरून जाणार आहेत. परवान्यावर नोकरी देणाऱ्या संस्थेचे नाव असते. संस्था सुटली, की परवानाही सुटतो. तिने धमकी दिली नाही. फक्त आठवण करून दिली. दक्षिण आफ्रिकेहून आलेल्या सहकाऱ्याने नकार दिला तेव्हा त्याला अशी आठवण कोणी करून दिली नव्हती. ज्यांची मातृभाषा इंग्रजी, त्यांना जपायचे आणि भारतीय किंवा फिलिपिनो शिक्षकांना ताणायचे, ही त्या धंद्याची रीतच आहे, आणि वर्गात कोण किती शिकवतो याच्याशी तिचा काहीही संबंध नाही.

शनिवारी रात्री 'झालो' या व्हिएतनामी मेसेजिंग अ‍ॅपवरच्या आमच्या गटावर रविवारचे वेळापत्रक आले. माझ्या नावाच्या जागी साहाय्यक शिक्षिकेचे नाव होते.

तिने तो वर्ग एकटीने घेतला. नोकरीला लागतानाच तिच्याकडून तसल्याच कोऱ्या कागदावर सही घेतलेली होती, हे मला सोमवारी कळले. तिला दुप्पट दर मिळाला का, असे मी हिशेबनिसाला विचारले, तेव्हा स्थानिक कर्मचाऱ्यांचा विषय वेगळा आहे, असे उत्तर मिळाले. ती माझ्यावर रागावली नाही, निदान तसे तिने दाखवले नाही. पण त्यानंतर तिने मला कोणताही कागद वाचून दाखवला नाही. माझ्या परवान्याचे नूतनीकरण पुढे वेळेवर झाले.

करार संपल्यावर मी बडोद्याला परतले. आता अलकापुरीत आयईएलटीएसच्या तुकड्या शिकवते, ज्या रविवारीही भरतात. येथे तर कोरा कागदही पुढे येत नाही. औद्योगिक विवाद अधिनियमाच्या अर्थाने शिक्षक हा 'कामगार' नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये सुंदरंबाळ खटल्यात म्हटले होते, आणि बाबांना ते कधीच पटलेले नाही. त्या रविवाराबद्दल मात्र ते माझ्याशी सहमत नाहीत. त्यांच्या मते मी वर्ग घ्यायला हवा होता आणि मोबदल्याचा अर्ज मागाहून लेखी द्यायला हवा होता, म्हणजे त्या मुलीवर तो बोजा पडला नसता. मी त्यांना सांगते, की मी वर्ग घेतला असता, तर पुढच्या प्रत्येक सुट्टीनंतर आम्हा दोघींनाही बोलावले गेले असते. यावर बाबा विचारतात, की तिला आता कोणी बोलावत नाही असे मला वाटते का.