४० मीटर रिसीव्हर अपडेट: एडी८३१ बसवली तरी ७१४० वरचं भूत जाईना

मंडळी, माझ्या ४० मीटरच्या (७ मेगाहर्ट्झचा हॅम बँड) रिसीव्हरमध्ये जुन्या एसए६१२ च्या जागी एडी८३१ ही मिक्सर चिप (आलेल्या सिग्नलची फ्रिक्वेन्सी बदलणारी) शेवटी बोर्डावर बसली. एसए६१२ चा आयपी३ (चिप किती जोरदार सिग्नल झेलते त्याचं माप, जास्त तितकं चांगलं) उणे १३-१५ डीबीएमच्या (एक मिलिवॅटच्या तुलनेत मोजलेली पॉवर) आसपास, हिचा डेटाशीटमध्ये अधिक २४, म्हणजे कागदावर जवळजवळ ४० डीबीचा फरक, त्यामुळे मी जाम खुशीत होतो. अंधार पडला, वरच्या ब्रॉडकास्टवाल्यांनी जोर धरला आणि ७१४० किलोहर्ट्झवर भूत, म्हणजे तिथे नसलेलं, रिसीव्हरच्या आतच तयार होणारं खोटं स्टेशन, हजर! ७२४५ आणि ७३५० वरच्या दोन कार्यक्रमांची तीच खिचडी. गणित असं: ७२४५ दुणे १४४९०, वजा ७३५०, उरले ७१४०.

पहिला संशय चिपवरच. ऑनलाइन घेतलेली, छपाई जरा जास्तच ताजी दिसत होती, आणि एका विक्रेत्याने मागे घासून परत छापलेले जे३१० ट्रान्झिस्टर पाठवले होते ते मी अजून विसरलेलो नाही. पण ही अस्सल वाटतेय. एलओला, म्हणजे आतल्या ऑसिलेटरच्या सिग्नलला, उणे १० डीबीएम पुरतात (तो देणारा एसआय५३५१ फार देतो म्हणून मध्ये २० डीबीचा पॅड, म्हणजे सिग्नल ठरावीक कमी करणारं सर्किट), करंट १०० मिलिअँपच्या जवळ, पाठीवर बोट टिकत नाही इतकी तापते. बायस पिनवरून करंट कमी करता येतो, पण मग आयपी३ पण पडतो, ज्यासाठी एवढा खटाटोप केला तेच घालवायचं कशाला, म्हणून तापू दे.

मग पॅडचा खेळ सुरू केला. अँटेनापाशी ६ डीबी लावले की खरं स्टेशन ६ ने उतरतं, असं दोन स्टेशनांच्या मिसळीचं (तिसऱ्या ऑर्डरचं) भूत १८ ने, हे आपल्याला पाठ आहे. पण तोच पॅड एकेक स्टेज पुढे सरकवत नेला तर खोट कुठे आहे ते पण कळतं, कारण भूत पॅडच्या आधीच तयार होत असेल तर ते पण फक्त ६ नेच उतरणार. एजीसी (आवाज आपोआप सारखा ठेवणारं सर्किट) बंद, कॅरियरची शिट्टी लावली, मल्टिमीटर एसी व्होल्टवर ऑडिओला. फेडिंगमुळे आकडा नाचतो, म्हणून पॅड टॉगल स्विचने पटापट आत-बाहेर. अँटेनापाशी पॅड: व्होल्टेज जवळपास आठवा हिस्सा. मिक्सरच्या तोंडाशी पॅड: निम्मं. फक्त निम्मं! म्हणजे बिचारी एडी८३१ निर्दोष, घोळ तिच्या आधीच.

जे३१० चा प्रीअँप (अँटेनाचा सिग्नल वाढवणारा) बायपास केला, भूत तिथेच. उरले बँडपास फिल्टरचे (फक्त हवा तो बँड आत सोडणारे) स्विचिंग डायोड, १एन४१४८. वायरच्या तुकड्यांनी शॉर्ट केले आणि ७१४० एकदम शांत, खाली कुठलातरी बारीक सीडब्ल्यू (मोर्स) वाजत होता तो पहिल्यांदा ऐकू आला. पाच मिनिटं नुसता ऐकत बसलो. खात्रीसाठी एसए६१२ चा जुना बोर्ड परत जोडला तर भूत परत, म्हणजे चिप आणि डायोड, दोन्ही बदल लागणारच होते.

आता रिले मागवायचे ठरवलं होतं, पण हे टाइप करता करताच १एन४००७ हा साधा रेक्टिफायर डायोड आठवला. आतून जवळपास पिन डायोडच (आरएफ, म्हणजे रेडिओ सिग्नल, स्विच करायला वापरतात तो), साठलेला चार्ज हळू निघतो, ७ मेगाहर्ट्झची एक सायकल ०.१४ मायक्रोसेकंदाची, तेवढ्यात तो हलत पण नाही, त्यामुळे आरएफ त्याला वाकवू शकत नाही. ड्रॉवरमध्ये एमजी रोडवरून आणलेली अख्खी पट्टी पडली होती, उठून लावले, करंट ५ वरून १० मिलिअँप केला. भूत नॉइजमध्ये गडप! सिडकोतल्या एलईडी बल्बांच्या कृपेने आमचा नॉइज तसाही दणकट आहे म्हणा.

फक्त बंद असताना ४००७ ची कपॅसिटन्स जास्त, रिव्हर्स बायस दिला तरी १५ मीटरच्या वर गळती राहणार. म्हणून ४० आणि ८० ला ४००७, वरच्या बँडना रिले. आणि प्रीअँप काढूनच टाकतोय. चिपचा नॉइज फिगर (ती स्वतः किती नॉइज घालते) १० डीबीच्या आसपास असला तरी ४० वर बँडचाच नॉइज त्याच्या वर असतो. १० मीटरसाठी तो वेगळ्या स्विचवर घेईन.

१२ व्होल्टचे छोटे सिग्नल रिले कुणी फिल्टरला वापरलेत का, वर्ष-दोन वर्षांनी कॉन्टॅक्ट खराब होतात का, ते सांगा. ७३ (हॅम लोकांचा रामराम).