भिंतीवरचं बटण आणि माझा म्युझिक प्लेअर

गाणी वाजवायला रास्पबेरी पाय ३ हा छोटा कॉम्प्युटर, त्याच्या पिनांवर बसवलेलं पीसीएम ५१०२ चिपचं डॅक (फाईलमधल्या आकड्यांचा आवाजाचा सिग्नल करणारा भाग), तिथून अँप्लिफायरला गेलेल्या दोन वायरी. एवढी जोडणी एका संध्याकाळी झाली. त्यावर कुठलं सॉफ्टवेअर टाकायचं हे ठरवायला मात्र दीड महिना लागला, कारण बराच काळ मी एकच प्रश्न धरून बसलो होतो: सगळ्यात चांगला आवाज कुणाचा?

सुरुवात व्हॉल्युमिओ या गाणी वाजवणाऱ्या तयार प्रणालीपासून केली. पायच्या मेमरी कार्डावर त्याची इमेज, म्हणजे तयार प्रत, लिहिली, ब्राउझरमध्ये त्याचं पान उघडलं, यादीतून डॅक निवडलं आणि गाणं वाजू लागलं. नवख्या माणसाला मी आजही आधी हेच टाकायला सांगेन. मग दुसऱ्या कार्डावर मूड ऑडिओ ही तशीच दुसरी प्रणाली घेतली. त्यात आवाजाच्या वाटेतली प्रत्येक पायरी उघडून दाखवलेली असते, ते मला फार आवडलं. दोन्ही कार्डं आलटूनपालटून घालायची, तोच दोन मिनिटांचा तुकडा ऐकायचा, वहीत लिहायचं, असं रोज रात्री चाललं होतं. सोमवारी मूडमध्ये झांजेचा नाद जास्त मोकळा वाटला, बुधवारी तसाच व्हॉल्युमिओमध्ये वाटला. नंतर लक्षात आलं की दोन्हींच्या पोटात वाजवणारा एकच आहे: एमपीडी, म्हणजे म्युझिक प्लेअर डीमन. २००३ पासूनचा हा प्रोग्रॅम पडद्यामागे गाणी वाजवतो. बाकी सगळा फरक त्याच्या भोवतीच्या पानांचा आणि सेटिंगांचा.

मग साध्या रास्पबेरी पाय ओएसवर (पायची नेहमीची लिनक्स प्रणाली) एमपीडी स्वतःच बसवून पाहिलं, आणि या सगळ्या खटपटीतली सर्वांत उपयोगी गोष्ट तिथे हाती लागली. लिनक्सचा कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, साउंड कार्डाची चालू स्थिती एका छोट्या फाईलमध्ये दाखवतो. प्रॉक फोल्डरात आसाउंड, त्यात कार्डाचा क्रमांक, आणि अगदी आत एचडब्ल्यू पॅराम्स. गाणं बंद असेल तर तिथे फक्त ‘क्लोज्ड’ दिसतं. चालू असेल तर डॅककडे प्रत्यक्ष जाणारा सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने जातात तो आकडा, दिसतो. मी सीडीवरून काढलेली फ्लॅक (आवाजातलं काही न गमावता लहान केलेली) फाईल लावली होती, म्हणजे आकडा ४४,१०० हवा. दिसला ४८,०००. जुन्या एका मशीनवरून मी आल्साची (लिनक्समधली आवाजाची व्यवस्था) सेटिंगची फाईल तशीच उचलून आणली होती आणि तिच्यात डीमिक्स होता. डीमिक्स अनेक प्रोग्रॅमचे आवाज एकत्र करून कार्डाकडे पाठवतो. त्यासाठी त्याला सगळे आवाज एकाच रेटवर आणावे लागतात, आणि वेगळं काही सांगितलं नाही तर तो रेट ४८,००० असतो. एमपीडीला थेट हार्डवेअरचं नाव दिलं आणि आकडा ४४,१०० झाला. व्हॉल्युमिओ आणि मूड पुन्हा लावून तिथेही एचडब्ल्यू पॅराम्स तपासलं, तर दोन्हीकडे पहिल्यापासून ४४,१००च होता. आवाजाची वही मी त्या रात्री बंद केली. डॅकपर्यंत तेच आकडे पोचत असतील, तर प्लेअर दुसऱ्या गुणांवर निवडायचा. (आवाज कमीजास्त करणं याला अपवाद आहे. ५१०२ मध्ये ती सोय नाही, म्हणून ते सॉफ्टवेअरला करावं लागतं आणि आकडे बदलतात. मी प्लेअरचा आवाज पूर्ण ठेवतो आणि अँप्लिफायरची खुंटी फिरवतो.)

तो दुसरा गुण कोणता, ते आईमुळे कळलं. गाणी ऐकून झाली की ती भिंतीवरचं बटण बंद करते. रेडिओ आयुष्यभर असाच बंद केला, मग याला वेगळी वागणूक का, हा तिचा प्रश्न मला पूर्ण पटतो. पण पाय म्हणजे कॉम्प्युटर. एकदा गाण्यांची यादी तयार होत असताना बटण बंद झालं, कार्डावर अर्धवट लिहिलं गेलं, आणि सकाळी पाय सुरूच होईना. दुरुस्ती करूनही यादी गेली ती गेलीच.

तेव्हा पायकोअरप्लेअरकडे वळलो. टायनी कोअर लिनक्सवर उभी असलेली ही प्रणाली सुरू होताना रॅममध्ये चढते आणि रोजच्या वापरात कार्डावर काही लिहीत नाही. वाजवण्याचं काम स्क्वीझलाइट करतो, गाण्यांचा संग्रह लिरियन म्युझिक सर्व्हर सांभाळतो. लिरियनचा इतिहास वाचून माझा विश्वास आणखी बसला. स्लिम डिव्हायसेस या कंपनीने आपल्या प्लेअरसाठी तो लिहिला, २००६ मध्ये लॉजिटेकने कंपनी घेतली, २०१२ मध्ये स्क्वीझबॉक्स ही त्या प्लेअरची मालिका बंद झाली. कोड खुला होता, म्हणून वापरणाऱ्यांनीच तो चालू ठेवला, आणि २०२४ मध्ये त्याला लिरियन हे नवं नाव मिळालं. ज्या यंत्रांसाठी तो जन्मला ती दुकानातून जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तो चालतोय.

लिरियन त्याच पायवर ठेवता येतो, पण त्याचा स्वतःचा डेटाबेस असतो आणि त्यात लिहिणं आलंच. म्हणजे बटणाचा धोका मागच्या दाराने परत. म्हणून तो आणि गाण्यांची हार्ड डिस्क आतल्या खोलीतल्या जुन्या लॅपटॉपवर हलवली. तो दिवसरात्र चालू असतो. पायकडे आता फक्त वाजवायचं काम आहे.

एक सवय लावून घ्यावी लागली. पायकोअरप्लेअरच्या पानावरून सेटिंग जतन केलं तर ठीक, पण एसएसएचने (दुसऱ्या कॉम्प्युटरवरून आज्ञा टाइप करत) आत जाऊन हाताने फाईल बदलली आणि बॅकअपची आज्ञा दिली नाही, तर पुढच्या वेळी तो बदल नाहीसा झालेला असतो. रॅममध्येच होता तो. माझं डॅकचं सेटिंग असं दोनदा गेलं. मूडचं ते सगळं उघडून दाखवणारं पान अजून आठवतं, त्याच्या तोडीचं इथे काही नाही. एचडब्ल्यू पॅराम्स मात्र इथेही आहे, आणि तिथला आकडा बरोबर आहे.

परवा तिसरं गाणं अर्ध्यावर असताना आईने बटण बंद केलं. सकाळी तिनेच चालू केलं. मी फोनवर लिरियनचं पान उघडलं, तर गाण्यांची रांग होती तशी होती.