जखम अंगठ्याला, मग पाय गुडघ्याखालून का कापला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. खानापूर, चिकोडी, निपाणी, बेळगाव जिल्ह्यात कुठूनही पेशंट येवोत, पाय कापल्यावर घरच्यांचा पहिला प्रश्न हाच. सर्जनसमोर कुणाचं तोंड उघडत नाही. संमतीपत्र कन्नडमध्ये नाहीतर इंग्रजीत, त्यावर घाईत सही झालेली असते. मग मी व्यायाम शिकवायला वॉर्डात गेले की मुलगा किंवा जावई व्हरांड्यात गाठतो आणि हळूच म्हणतो, "मॅडम, अंगठाच काळा पडलेला न्हवं? मग एवढा पाय कशाला काढला?" बिल वाढवायला जास्त कापला की काय, हा संशय त्या आवाजात असतो.

कुठे कापायचं हे जखम कुठे आहे त्यावर ठरत नाही. कापल्यावर टाके कुठे भरून येतील, त्यावर ठरतं. धड कातडी जगायला जेवढं रक्त लागतं, त्याहून कितीतरी जास्त रक्त जखम भरायला लागतं. बरीच वर्षं शुगर असलेल्या, त्यातून विडी ओढणाऱ्या माणसाच्या गुडघ्याखालच्या रक्तवाहिन्या कडक आणि अरुंद झालेल्या असतात. पाटाचं पाणी शेवटच्या वाफ्याला पोचत नाही तसं. अशा पायाचा नुसता अंगठा काढला, तर काळ्या अंगठ्याच्या जागी एक उघडी, न भरणारी जखम उरते. मग पुन्हा थिएटर, पुन्हा भूल, थोडं आणखी वर. म्हणून सर्जन पावलावरची, गुडघ्यामागची, जांघेतली नाडी बघतात, डॉप्लर (रक्त किती वाहतंय हे बघायची तपासणी) करतात आणि भरण्याची खात्री जिथे वाटते तिथे कापतात.

शुगरवाल्यांच्या बाबतीत दुसरी गोष्ट म्हणजे पायाची जाणीवच जाते. चप्पल कधी गळून पडली कळत नाही, खिळा रुतला तरी कळत नाही. रोप लावणीच्या चिखलात दिवसभर उभं राहिलेलं पाऊल संध्याकाळी कोण न्याहाळतो? वर गार पडलंय म्हणून कढत पाण्याने शेकायचं, आणि फोड आला की हळद किंवा तंबाखू भरायची. (तंबाखूने पायाच्या रक्तवाहिन्या आवळतात आणि आपण तीच जखमेत भरतो. यावर मी रागावते, पण आजी-आजोबांसमोर राग चालत नाही.) शुगरमुळे पाय कापावे लागतात, त्यात 100 पैकी साधारण 85 वेळा सुरुवात अशाच एखाद्या जखमेने झालेली असते.

आता घाई कधी, हे नीट समजून घ्या. भाग सुकून काळा पडलाय, वास नाही, ताप नाही, तर सहसा थोडा वेळ असतो. तेव्हा विचारा, "अँजिओप्लास्टी किंवा बायपास करून रक्त वाढवता येईल का?" हा प्रश्न विचारायचा तुम्हाला हक्क आहे, आणि त्याने कधी कधी नुसत्या बोटावर निभावतं. पण पाय ओला, सुजलेला, घाण वास, हुडहुडी, म्हणजे पू स्नायूंच्या कप्प्यांतून वर सरकतोय. तिथे दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायला कोल्हापूर गाठण्यात गेलेला दिवस गुडघा घेऊन जातो.

निपाणीकडच्या तंबाखूच्या पट्ट्यातून दुसऱ्या तऱ्हेचे पेशंट येतात. चाळिशीच्या आतले, शुगर नाही, पण चालताना पोटरी भरून येते. तंबाखूने रक्तवाहिन्या सुजून बंद होतात, या आजाराला बर्जर म्हणतात. 1908 मध्ये लिओ बर्जर यांनी त्याचं सविस्तर वर्णन केलं. तंबाखू पूर्ण सोडली तर बहुतेकांचा पाय वाचतो. 'दोनच विड्या' चालत नाहीत.

कडबा कुट्टीत किंवा उसाच्या ट्रॉलीखाली चिरडलेला हात-पाय हा वेगळाच विषय. एवढंच लक्षात ठेवा: बोट तुटून पडलं तर ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि ती पिशवी बर्फात ठेवा. बोट थेट बर्फात टाकू नका.

धोके विचाराल, तर कापण्यापेक्षा कापून घेणाऱ्याची तब्येत जास्त धोक्याची असते. हृदय, किडनी आधीच थकलेली. पायात रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात जाऊ शकते, पडून पडून न्यूमोनिया होतो, टाके उसवतात. आणि नसलेल्या बोटांत कळा येतात. पेशंट सांगतो, घरचे भुताखेताचं नाव घेतात. तसलं काही नसतं, मेंदूतला पायाचा नकाशा तसाच असतो. गोळ्यांनी आणि काहींना आरशासमोर धड पायाचा व्यायाम करून उतार पडतो.

माझं खरं भांडण उशीशी आहे. कापून उरलेल्या पायाखाली मायेने उशी ठेवतात. गुडघा वाकलेलाच आखडतो आणि मग कृत्रिम पाय बसत नाही. उशी काढा, गुडघा सरळ ठेवा, दिवसातून थोडा वेळ पालथं झोपवा. गुडघा राहिला तर कृत्रिम पायाने चालायला नेहमीपेक्षा साधारण पावपट जास्त ताकद लागते. गुडघ्यावरून कापला तर निम्म्याहून जास्त. साठीच्या माणसाला घरातल्या घरात चालणं आणि शेतापर्यंत जाणं यातला फरक तिथेच पडतो.

नवा पाय कधी, असंही लगेच विचारता. टाके भरून सूज उतरली की, म्हणजे बहुतेकांना दोन-तीन महिन्यांनी. तोवर दुसरा पाय रोज उजेडात धरून बघा, बोटांच्या बेचक्यांसकट. पहिला ज्याने गेला तो आजार त्यातही आहे.